तांदूळ : वाटीने किती, वजनाने किती?

नवी दिल्ली : बाजारात तांदूळ किलोने मिळतो, स्वयंपाकघरात तो वाटीने मोजला जातो आणि भातात घालायचे पाणी कधी पेल्याने, कधी लिटरने, तर कधी बोटाच्या पेराने ठरते. या तिन्ही मापांची सांगड घालण्याची वेळ प्रत्येक घरात येते. पाककृतीत ‘एक कप तांदूळ’ असे लिहिलेले असते आणि घरात कप नसतो; आहारतज्ज्ञ ग्रॅममध्ये प्रमाण सांगतात आणि घरात वजनकाटा नसतो; पंगतीसाठी दहा किलो तांदूळ येतो आणि त्याला पाणी किती लागेल याचा अंदाज चुकतो.

चार माणसांच्या घरात अशा चुकीने फार तर भात फडफडीत राहतो किंवा आसट होतो. परंतु शाळेच्या पोषण आहारात, अंगणवाडीत, वसतिगृहात किंवा शिधापत्रिकेवरील धान्यात महिना काढणाऱ्या कुटुंबात हीच चूक ताटातील अन्न कमी करते. वजन आणि आकारमान यांचा हिशेब कसा जुळवावा, तो कोठे फसतो आणि काटा नसतानाही तो बिनचूक कसा करावा, याचा हा आढावा.

एका लिटरमध्ये एक किलो का मावत नाही?

एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. हे समीकरण सर्वांच्या इतके अंगवळणी पडलेले आहे की तेच नकळत तांदळालाही लावले जाते. प्रत्यक्षात एक लिटरचे माप तांदळाने सपाट भरले, तर त्यात सुमारे ८०० ग्रॅम तांदूळ मावतो.

यामागचे कारण दाण्यांमधील पोकळीत आहे. तांदळाचा एकेक दाणा पाण्यापेक्षा जड असतो, म्हणूनच तो पाण्यात बुडतो. एक मिलिलिटर पाण्याचे वजन एक ग्रॅम असेल, तर पोकळी वगळून मोजलेल्या तेवढ्याच तांदळाचे वजन साधारण १.४५ ग्रॅम भरते. मात्र दाणे भांड्यात पडताना एकमेकांना घट्ट चिकटून बसत नाहीत. ते आडवे, उभे, तिरपे पडतात आणि मध्ये हवा राहते. तांदळाने भरलेल्या मापाचा जवळजवळ ४५ टक्के भाग या हवेचाच असतो.

याची खात्री घरीच करून घेता येते. एक वाटी तांदळाने काठाशी सपाट भरावी आणि दुसऱ्या तितक्याच मापाच्या वाटीतील पाणी तिच्यात हळूहळू ओतावे. तांदळाने भरलेली दिसणारी वाटी आणखी जवळजवळ अर्धी वाटी पाणी सामावून घेते.

म्हणजे तांदूळ मापाने मोजताना आपण दाण्यांबरोबर पोकळीही मोजत असतो. ही पोकळी दाण्याच्या आकारावर, माप भरण्याच्या पद्धतीवर आणि भांड्याच्या घडणीवर अवलंबून असते. त्यामुळे मापाचा हिशेब कायम अंदाजाचाच राहतो. हा अंदाज किती नेमका करता येईल, एवढाच प्रश्न उरतो.

सव्वापट आणि पाचवा हिस्सा

घरगुती वापरासाठी दोनच नियम लक्षात ठेवणे पुरेसे आहे.

वजनावरून माप काढायचे असल्यास सव्वापट करावी. ४०० ग्रॅम तांदळाचे माप ५०० मिलिलिटर होते आणि एक किलोचे सव्वा लिटर.

मापावरून वजन काढायचे असल्यास पाचवा हिस्सा वजा करावा. ५०० मिलिलिटर तांदळाचे वजन ४०० ग्रॅम आणि २५० मिलिलिटरचे २०० ग्रॅम.

निरनिराळ्या देशांतील तक्ते या नियमाला दुजोरा देतात. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या अन्नघटक तक्त्यांत एक कप कच्च्या पांढऱ्या तांदळाचे वजन लांब दाण्यासाठी १८५ ग्रॅम, मध्यम दाण्यासाठी १९५ ग्रॅम आणि आखूड दाण्यासाठी २०० ग्रॅम दिलेले आहे. हा कप सुमारे २४० मिलिलिटरचा असतो. सव्वापटीच्या नियमाने त्याचे उत्तर १९२ ग्रॅम येते. जपानमध्ये तांदूळ मोजण्याचे ‘गो’ नावाचे पारंपरिक माप सुमारे १८० मिलिलिटरचे असून त्यात अंदाजे १५० ग्रॅम तांदूळ मावतो, असे तेथे धरले जाते. आपल्या नियमाने हे उत्तर १४४ ग्रॅम येते. नियम आणि तक्ता यांतील फरक चार-पाच टक्क्यांच्या आतला आहे आणि घरच्या भाताला तेवढ्याने बाधा येत नाही.

तक्त्यातील आकड्यांमधून आणखी एक गोष्ट दिसते. दाणा जितका आखूड आणि गोलसर, तितका तो मापात अधिक दाटीने बसतो. लांब, सडपातळ दाण्यांमध्ये पोकळी जास्त राहते. म्हणून आंबेमोहर किंवा बंगालमधील गोविंदभोग यांसारख्या बारीक, आखूड दाण्याच्या तांदळाची वाटी बासमतीच्या तितक्याच वाटीपेक्षा थोडी जड भरते. बासमतीच्या पाककृतीतील वाटीचे प्रमाण आंबेमोहराला जसेच्या तसे लावले, तर तांदूळ किंचित अधिक पडतो. वजनाने मोजल्यास हा फरक राहत नाही.

आपली वाटी किती मोठी?

नियम कितीही नेमका असला, तरी वाटीचे आकारमान ठाऊक नसेल तर त्याचा उपयोग नाही. स्टीलच्या वाट्या शंभर मिलिलिटरपासून दोनशे मिलिलिटरपर्यंत विविध आकारांच्या मिळतात. ‘एक वाटी’ या शब्दाने एका घरात ८० ग्रॅम तांदूळ होतो, तर दुसऱ्या घरात १६० ग्रॅम.

परदेशी पाककृतींतील ‘कप’ही एकसारखा नाही. अमेरिकेतील कप सुमारे २४० मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियातील २५० मिलिलिटरचा, तर विजेच्या भातपात्रासोबत येणारा छोटा प्लास्टिकचा कप बहुधा १८० मिलिलिटरचा असतो. हा शेवटचा कप म्हणजे जपानी ‘गो’चाच वारसा आहे. अशा भातपात्राच्या आतील बाजूस पाण्याच्या पातळीच्या ज्या रेषा कोरलेल्या असतात, त्या याच कपाशी जुळवलेल्या असतात. मूळ कप हरवला आणि त्याऐवजी २४० मिलिलिटरचा कप वापरून तीन माप तांदूळ घातला, तर पात्रात प्रत्यक्षात चार कप तांदूळ पडतो. मात्र पाणी तिसऱ्या रेषेपर्यंतच राहते आणि भात कच्चा राहतो. परदेशी स्थायिक झालेल्या मुला-नातवंडांना दूरध्वनीवरून पाककृती सांगताना ‘कप कोणता?’ हा प्रश्न म्हणूनच आधी विचारावा लागतो.

आपल्या वाटीचे माप काढण्याचे दोन सोपे मार्ग आहेत आणि त्यांपैकी कोणत्याही मार्गाला वजनकाटा लागत नाही.

पहिला मार्ग पाण्याचा आहे. एक लिटरची बाटली पाण्याने भरून त्यातील पाणी वाटीने मोजावे. बरोबर पाच वाट्या झाल्या, तर वाटी २०० मिलिलिटरची. साडेसहा-पावणेसात वाट्या झाल्या, तर ती १५० मिलिलिटरच्या जवळपासची. दहा वाट्या झाल्या, तर १०० मिलिलिटरची. त्यानंतर पाचवा हिस्सा वजा केला की वाटीतील तांदळाचे वजन मिळते.

दुसरा मार्ग अधिक थेट आहे. नेहमीच्या तांदळाची एक किलोची बंद पिशवी उघडून ती वाटीने सपाट मोजावी. आठ वाट्या भरल्या, तर एका वाटीत १२५ ग्रॅम तांदूळ मावतो. या पद्धतीत तांदळाची जात, दाण्याचा आकार आणि आपला वाटी भरण्याचा हात हे सारे आपोआप हिशेबात येते. आलेला आकडा डब्याच्या झाकणावर लिहून ठेवला, तर पुन्हा मोजण्याची गरज उरत नाही.

सपाट की शिगोशीग?

मापाच्या व्यवहारात वादाचा मुख्य मुद्दा नेहमीच शिगेचा राहिला आहे. काठाच्या वर उभी राहणारी रास म्हणजे शीग. ती दिसायला लहान असली, तरी वजनाला लहान नसते.

कोरडा तांदूळ ओतला असता त्याच्या ढिगाचा उतार साधारण ३० अंशांच्या आसपास स्थिरावतो. यावरून भूमितीने असे दिसते की, ज्या मापाची रुंदी आणि उंची सारखी आहे, त्याच्या शिगेत मापाच्या सुमारे एक दशांश तांदूळ मावतो. पण माप पसरट असेल आणि त्याची रुंदी उंचीच्या दुप्पट असेल, तर शिगेतच जवळजवळ एक पंचमांश तांदूळ बसतो. आपल्या बहुतेक वाट्या पसरट असतात. म्हणून शिगोशीग भरलेल्या पाच वाट्यांत सपाट भरलेल्या सहा वाट्यांइतका तांदूळ जातो.

‘एक लिटर म्हणजे एक किलो’ हा समज का टिकून राहिला असावा, याचेही थोडे स्पष्टीकरण येथे मिळते. लिटरभर सपाट मापात ८०० ग्रॅम तांदूळ बसतो. पण तेच माप पसरट असून शीग लावून भरले, तर वजन साडेनऊशे ग्रॅमपर्यंत पोहोचते. मात्र एकाने शीग लावून आणि दुसऱ्याने काठ पुसून मोजले, की हिशेब बिघडतो.

माप आपटून भरल्यानेही फरक पडतो. वाटी ओट्यावर दोन-चार वेळा आपटली की दाणे खाली बसतात, पोकळी कमी होते आणि वर आणखी तांदूळ मावतो. म्हणून नियम असा ठेवावा : तांदूळ वाटीत ओतावा, दाबू अथवा आपटू नये आणि सुरीच्या पाठीने किंवा बोटाने काठ सपाट करावा.

पायली, पडी आणि पर

आपल्याकडे धान्य मापानेच मोजण्याची परंपरा दीर्घ आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चार कुडवांचा एक प्रस्थ, चार प्रस्थांचा एक आढक आणि चार आढकांचा एक द्रोण अशी मापांची श्रेणी आढळते. त्यातील कुडव हे नाव कोकण आणि गोव्यात धान्याच्या मापासाठी पुढेही चालू राहिले.

मराठी मुलखातील जुन्या कोष्टकात दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची एक अधोली आणि दोन अधोल्यांची एक पायली होत असे. प्रत्येक पायरीवर माप दुप्पट होत जाते. काटा नसलेल्या व्यवहारात निम्मे करणे आणि दुप्पट करणे सर्वांनाच सहज जमते, हे या कोष्टकाचे बलस्थान होते.

मराठी भाषक जेथे जेथे स्थायिक झाले, तेथे त्यांना अशाच मापांची दुसरी नावे भेटली. तंजावरच्या परिसरात तांदूळ ‘पडी’ने मोजला जाई आणि आठ पडींचे एक ‘मरक्काल’ होई. केरळात चार ‘नाळीं’चे एक ‘इडंगळी’ आणि दहा इडंगळींचा एक ‘पर’ होतो. मंगलप्रसंगी काठोकाठ भरलेला पर मांडण्याची चाल तेथे आजही आहे. कर्नाटकात ‘पाव’ आणि ‘सेर’, आंध्र-तेलंगणात ‘सोल’ आणि ‘मानिका’, छत्तीसगडात ‘काठा’ आणि ‘खांडी’ ही मापे वृद्धांच्या बोलण्यात अजूनही येतात.

या मापांची अडचण अशी होती की, एकाच नावाचे माप गावागावांत वेगळ्या आकाराचे असे. शिवाय ‘शेर’ हा शब्द वजनासाठीही वापरला जाई आणि मापासाठीही. वजनाचा ८० तोळ्यांचा शेर आजच्या हिशेबाने सुमारे ९३३ ग्रॅमचा होता. मापाच्या शेराचे वजन मात्र त्यात गहू, तांदूळ की पोहे भरले आहेत, यावर ठरे. सारा, खंड किंवा मजुरी धान्यात देण्याची रीत होती, तोवर घेताना शीग लावायची आणि देताना काठ पुसायचा, ही तक्रार दुबळ्या बाजूकडून होत राहणे स्वाभाविक होते.

स्वातंत्र्यानंतर संसदेने १९५६ मध्ये प्रमाणित वजने व मापे यांचा कायदा केला. ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने व्यवहारात येऊ लागली आणि १९६०च्या दशकात शेर-मणाची जागा किलो-क्विंटलने घेतली. सध्या या विषयात २००९चा वैधमापन कायदा लागू आहे. दुकानातील तांदूळ आता वजनानेच विकला जातो. स्वयंपाकघरापर्यंत मात्र हा बदल पुरता पोहोचला नाही. तेथे पायलीची जागा वाटीने आणि शेराची जागा डब्याने घेतली.

पाण्याचा हिशेब नेमका कोठे फसतो?

भाताला दुप्पट पाणी, हे प्रमाण घरोघरी ठाऊक असते. हे प्रमाण मापाचे आहे, वजनाचे नव्हे. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी, असा त्याचा अर्थ आहे.

मोठ्या स्वयंपाकात तांदूळ किलोने येतो आणि पाणी लिटरने ओतले जाते. तेव्हा ‘एक किलोला दोन लिटर’ असा हिशेब सहज केला जातो. पण एक किलो तांदळाचे माप सव्वा लिटर आहे. त्याच्या दुप्पट म्हणजे अडीच लिटर. दोन लिटर पाणी घातले, तर मापाच्या भाषेत ते दुप्पट नसून अवघे १.६ पट होते. घरच्या सवयीच्या प्रमाणाने जो भात मऊ होतो, तो येथे फडफडीत राहतो.

म्हणून हे छोटे कोष्टक उपयोगी पडते.

मापाने दीडपट पाणी हवे असल्यास एक किलो तांदळाला १ लिटर ८७५ मिलिलिटर.

मापाने दुप्पट हवे असल्यास अडीच लिटर.

मापाने अडीचपट हवे असल्यास ३ लिटर १२५ मिलिलिटर.

पाणी मोजताना मात्र सव्वापट करायची नाही, कारण पाण्याचे वजन आणि माप एकच आहे. फक्त तांदळाचे माप बदलायचे आहे.

येथे आणखी एक बाब ध्यानात घ्यावी लागते. भातात घातलेल्या पाण्याचे दोन वाटे होतात : एक दाण्यात मुरतो आणि दुसरा वाफेने उडून जातो. मुरणारे पाणी तांदळाच्या प्रमाणात वाढते. उडणारे पाणी मात्र भांड्याचे तोंड, झाकण, आच आणि शिजण्याचा वेळ यांवर अवलंबून असते. तांदूळ दहापट केला म्हणून उडणारे पाणी दहापट होत नाही. त्यामुळे घरच्या एका वाटीला दोन वाट्या पाणी लागत असले, तरी मोठ्या पातेल्यात, झाकण घट्ट असल्यास, दुपटीपेक्षा कमी पाणी पुरते. प्रेशर कुकरमध्ये वाफ कोंडली जात असल्याने तेथेही पाणी कमी लागते. तांदूळ मुबलक पाण्यात शिजवून वेळून काढायचा असेल, तर हा हिशेब गौण ठरतो; पण पेजेबरोबर काही पोषक द्रव्ये निघून जातात, म्हणून ती पेज वाया घालवू नये.

बोटाच्या पेराने पाणी मोजण्याची पद्धत याच कसोटीवर तपासता येते. तांदळाच्या वर एक पेर, म्हणजे साधारण अडीच सेंटिमीटर पाणी, असा तो अंदाज आहे. १६ सेंटिमीटर रुंद तळाच्या पातेल्यात तीन वाट्या, म्हणजे ४५० मिलिलिटर तांदूळ असेल, तर दाण्यांमधील पोकळी आणि वरचे पेरभर पाणी मिळून सुमारे ७०० मिलिलिटर, म्हणजे दीडपटीहून थोडे अधिक पाणी होते. येथे अंदाज जुळतो. त्याच पातेल्यात एकच वाटी तांदूळ घेतला, तर पेराने मोजलेले पाणी पावणेचारपट होते. सहा वाट्या घेतल्या, तर ते जेमतेम तांदळाइतकेच भरते. नेहमीचे पातेले आणि नेहमीचे प्रमाण असेपर्यंतच पेर खरे बोलते.

तांदूळ भिजवला असेल, तर मोजणी भिजवण्यापूर्वीच करावी. अर्धा तास भिजलेला तांदूळ आपल्या वजनाच्या जवळपास पाव हिस्सा पाणी आधीच पितो. तो निथळून मग वाटीने किंवा काट्यावर मोजला, तर त्यात पाण्याचेही वजन येते. तसेच जुना तांदूळ नव्यापेक्षा अधिक पाणी घेतो आणि भात मोकळा होतो; नव्याला पाणी थोडे कमी करावे लागते.

कच्चा तांदूळ आणि शिजलेला भात

आहाराच्या हिशेबात सर्वाधिक गोंधळ येथे होतो. ‘शंभर ग्रॅम’ म्हणजे कच्चा तांदूळ की भात, हे स्पष्ट केले नाही तर उत्तर जवळजवळ तिपटीने चुकते.

शंभर ग्रॅम कच्च्या तांदळाचा पाण्याच्या प्रमाणानुसार अडीचशे ते तीनशे ग्रॅम भात होतो. त्याचे आकारमान १२५ मिलिलिटरवरून सुमारे ४०० मिलिलिटरपर्यंत जाते. ऊर्जा मात्र वाढत नाही. ती अधिक वजनात विभागली जाते. शंभर ग्रॅम कच्च्या तांदळात साधारण ३५० ते ३६० किलोकॅलरी ऊर्जा आणि ७८ ते ८० ग्रॅम कर्बोदके असतात. शंभर ग्रॅम साध्या भातात सुमारे १३० किलोकॅलरी ऊर्जा आणि २८ ग्रॅम कर्बोदके असतात.

ताटातील मुदीचा हिशेब यावरून मांडता येतो. १५० मिलिलिटरच्या वाटीने पाडलेल्या मुदीत १०० ते ११५ ग्रॅम भात असतो. लांब दाण्याचा मोकळा भात हलका, तर आखूड दाण्याचा मऊ भात जड भरतो. अशा एका मुदीमागे सुमारे ४० ग्रॅम कच्चा तांदूळ असतो. मधुमेह असलेल्या व्यक्तीला वैद्यकीय सल्ल्याने भाताचे प्रमाण ठरवून दिलेले असते, तेव्हा ते कच्च्याचे आहे की शिजलेल्याचे आणि कोणत्या मापाच्या वाटीचे, हे विचारून घेणे आवश्यक आहे. १०० मिलिलिटरच्या वाटीऐवजी २०० मिलिलिटरची वाटी वापरली गेली, तर सल्ला पाळूनही भात दुप्पट खाल्ला जातो.

तांदळापासून झालेल्या इतर पदार्थांना सव्वापटीचा नियम लागू होत नाही. १५० मिलिलिटरच्या वाटीत तांदूळ १२० ग्रॅम मावतो, तर तांदळाचे पीठ सुमारे १०० ग्रॅम आणि कुरमुरे अवघे ९ ग्रॅम. मोदकाच्या उकडीला ‘पिठाइतके पाणी’ हे प्रमाण वाटीचे आहे. वजनाने पाहिले, तर १०० ग्रॅम पिठाला १५० मिलिलिटर पाणी होते. काट्यावर १०० ग्रॅम पीठ आणि १०० ग्रॅम पाणी घेतले, तर उकड कोरडी पडते आणि मोदकाला चिरा जातात. इडलीच्या तांदूळ-उडदाचे प्रमाण मात्र मापाने किंवा वजनाने जवळजवळ सारखेच राहते, कारण या दोहोंची वाटी सारख्याच वजनाची भरते.

शाळेच्या स्वयंपाकघरातील २० ग्रॅम

पंतप्रधान पोषण शक्ती निर्माण योजनेच्या निकषांनुसार प्राथमिक वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्यासाठी दररोज १०० ग्रॅम आणि उच्च प्राथमिक वर्गातील विद्यार्थ्यासाठी १५० ग्रॅम धान्य निश्चित केलेले आहे. हे प्रमाण कच्च्या धान्याचे आहे. शाळेत धान्य पोत्याने येते, नोंदवहीत ते किलोने लिहिले जाते. पण रोजचा तांदूळ अनेकदा डब्याने किंवा मगाने काढला जातो.

एका शाळेत प्राथमिक वर्गाचे १२० विद्यार्थी उपस्थित आहेत, असे समजू. त्यांच्यासाठी १२ किलो तांदूळ हवा. स्वयंपाकाच्या ठिकाणी एक लिटरचा डबा ‘एक किलोचा’ म्हणून वापरात असेल आणि तो सपाट भरला जात असेल, तर बारा डब्यांत ९ किलो ६०० ग्रॅमच तांदूळ येतो. प्रत्येक मुलाच्या वाट्याला १०० ऐवजी ८० ग्रॅम येतात. नोंदवहीत १२ किलो खर्च पडतो आणि रोज २ किलो ४०० ग्रॅमची तफावत राहते. महिन्याच्या २२ शालेय दिवसांत ती ५२ किलो ८०० ग्रॅम होते, म्हणजे पन्नास किलोच्या एका पोत्याहून अधिक. यात कोणाचाही हेतू वाईट नसला, तरी मुलांच्या ताटातील पाचवा हिस्सा कमी झालेला असतो आणि साठा तपासणीच्या वेळी स्वयंपाक करणाऱ्या महिलेला उत्तर देणे कठीण जाते.

यावरील उपाय अल्प खर्चाचा आहे. वापरातील डबा एकदा काट्यावर भरून एक किलोची पातळी खूण करून ठेवावी. डबा लिटरचाच असेल, तर बारा किलोसाठी बारा नव्हे, पंधरा सपाट डबे घ्यावे लागतात. तांदळाची जात किंवा पुरवठा बदलला की खूण पुन्हा तपासावी.

शिधापत्रिकेवरील धान्याचा महिनाभराचा हिशेबही याच रीतीने मांडता येतो. २०१३च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला दरमहा पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते. जेथे हे सारे धान्य तांदळाच्या रूपात मिळते, तेथे चार व्यक्तींच्या प्राधान्य कुटुंबाच्या वाट्याला २० किलो येतात. तीस दिवसांत विभागल्यास रोजचे सुमारे ६६५ ग्रॅम होतात; १५० मिलिलिटरच्या वाटीने हे प्रमाण साडेपाच सपाट वाट्यांचे आहे. त्याच साडेपाच वाट्या शिगोशीग भरल्या, तर रोजचा वापर ८०० ग्रॅमजवळ जातो आणि महिन्याचा तांदूळ पंचवीस दिवसांतच संपतो.

दुकानात वजन कमी मिळाल्याची शंका असल्यास लिटरच्या डब्याने तपासून वाद घालू नये, कारण पूर्ण एक किलो तांदूळ लिटरच्या डब्यात सपाट मावतच नाही. सुमारे पाव लिटर तांदूळ बाहेर उरतो. तो उरला नाही, तर शंकेला जागा आहे, असे म्हणता येईल. तरीही अंतिम निवाडा प्रमाणित काट्यावरच होऊ शकतो. वजनाविषयीच्या तक्रारी राज्याच्या वैधमापन यंत्रणेकडे किंवा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन क्रमांकावर नोंदवता येतात.

पंगतीचे गणित

शंभर माणसांच्या पंगतीसाठी माणशी शंभर ग्रॅम कच्चा तांदूळ धरल्यास दहा किलो लागतो. त्याचे माप साडेबारा लिटर. मापाने दुप्पट धरले, तर पाणी २५ लिटर. झाकण घट्ट असलेल्या मोठ्या पातेल्यात ते याहून कमी करावे लागते. तयार भात २५ ते ३० किलो आणि सुमारे ४० लिटर आकारमानाचा होईल. म्हणून पातेले ५० लिटरचे घ्यावे. ताटात भाताबरोबर पोळी किंवा पुरी असेल, तर तांदळाचे प्रमाण त्यानुसार कमी करता येते.

तांदूळ नवा असेल किंवा जात अपरिचित असेल, तर आदल्या दिवशी एक वाटी तांदूळ मोजून शिजवावा आणि लागलेल्या पाण्याची नोंद ठेवावी. शितावरून भाताची परीक्षा होते, हे खरेच आहे. पण ती परीक्षा दहा किलो तांदूळ आधणात पडण्यापूर्वी झालेली बरी.